पायाळूचे अंजन

आमच्या फर्दापुरात मोगली सराई आहे. बऱ्हाणपूरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या लष्करांचा मुक्काम येथे पडे, आणि मग अजिंठ्याचा घाट चढावा लागे. तेव्हा प्रत्येक पडक्या भिंतीखाली मोहरांचा हंडा असायचाच! तो दिसायला मात्र पायाळू माणूस हवा. पायांकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातले की भूमिगत धन दिसते, ही आपली जुनी समजूत.

2025 च्या मार्चमध्ये हे अंजन नव्या रूपात अवतरले. 1681 मध्ये संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले होते. 'छावा' चित्रपटाने त्याची आठवण जागी केली, आणि बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखालच्या शेतांत मोगलांचे सोने आहे अशी वदंता उठली. रात्री माणसे कुदळी, विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागली.

या यंत्राचे मूळ 1831 मधले. मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलाला लंडनमध्ये असे आढळले, की चुंबकीय क्षेत्र बदलते राहिले तर जवळच्या तारेत आपोआप वीज वाहते. धातुशोधकाच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज असेच बदलते क्षेत्र जमिनीत सोडते. तेथे नाणे असले तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. त्यांचे स्वतःचे क्षेत्र उलट वर येते, दुसऱ्या वेटोळ्यात किंचित वीज जागवते, आणि कानाशी आवाज होतो. म्हणजे यंत्र काही पाहत नाही. हाक घालते आणि प्रतिध्वनी ऐकते.

हा प्रतिध्वनी फसवाही असतो. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असेच यंत्र घेऊन शरीरातली गोळी शोधायला गेले. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला. शिवाय डॉक्टरांनी शोधू दिली ती उजवी बाजू, आणि गोळी निघाली डावीकडे, तीही शवविच्छेदनात. बिचारे बेल!

आपल्याकडे तर जमीनच बोलकी. काळ्या कातळाच्या मातीत लोहखनिजाचे कण असतात, त्यांनीही यंत्र कुरकुरते. एकटे नाणे वीत-दीडवीत खोलीपर्यंतच सापडायचे. बहुधा निघतो तो खिळा, नाहीतर बाटलीचे बूच.

आणि खरेच मोहर निघाली तर? 1878 च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले की कलेक्टरला कळवावे लागते. रात्री खणणारा कळवणार थोडाच! पण माझी हळहळ सोन्यासाठी नाही. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या शेजारी पडले होते, यावरून त्या जागेचा काळ लागतो. कुदळीच्या एका घावाने ती साक्ष पुसली जाते, आणि मग सोनाराच्या तराजूत उरते ते केवळ वजन.

परवा वर्गात एका पोराने विचारले, "गुरुजी, आपल्या सराईत यंत्र फिरवले तर काय निघेल?" मी म्हटले, घोड्याची एखादी नाल निघेल कदाचित. त्याचे तोंड एवढेसे झाले.