मुठीतलं तेल

कोकम म्हटलं की आपल्याला सोलकढी आठवते. पण रातांब्याचं झाड तेवढ्यावर थांबत नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या रानात ते कुणी न लावताच वाढत आलं, आणि कोकणातल्या माणसानं त्याची साल, रस, बी, सगळंच कामाला लावलं.

याची लेखी साक्ष जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात या आंबट, तांबड्या फळाची नोंद आहे. त्यानं दिलेलं नाव म्हणजे आपल्या 'भिरंड' शब्दाचंच पोर्तुगीज रूप. रंगारी हे फळ वापरतात आणि सालींचा शिरका करतात, असं तो सांगतो. झाडाच्या शास्त्रीय नावातला 'गार्सिनिया' हा शब्द मात्र ओर्तावरून आलेला नाही. तो लोराँ गार्सँ या अठराव्या शतकातल्या वनस्पतीशास्त्रज्ञावरून आला.

सालींची आमसुलं झाली, रसात मीठ घालून आगळ झालं. उरल्या बिया. त्या वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगलेलं तेल निवलं की थिजतं. ते मुठीत दाबून गोळा करायचा, म्हणून ते मुठेल. हे तेल सुमारे ३८ ते ४० अंशांना वितळतं. त्यामुळे कोकणच्या उन्हाळ्यातही गोळा घट्ट राहतो, भांड्याशिवाय बाजारात नेता येतो. भातलावणीत भेगाळलेल्या टाचांना, थंडीत फुटलेल्या ओठांना तेच लावायचं. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी. वाडीत काय नि मोहल्ल्यात काय, उपाय एकच.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता', 'कोकण हातीस' या जाती दिल्या. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. मुठेलही आता 'कोकम बटर' होऊन सौंदर्यप्रसाधनांत गेलं आहे. आमच्या घरांतून मात्र ते नाहीसं होत चाललं. कारण ते करणाऱ्या बायकांची कृती कुणी लिहून ठेवली नाही; ती हातातून हातात आली. ज्या घरात अजून असे हात आहेत, तिथल्या मुलासुनांनी येत्या मे महिन्यात रातांब्याच्या बिया फेकू नयेत. आजीजवळ बसावं आणि एक तरी गोळा स्वतः वळावा.