उलटलेल्या पेशींचा मागोवा

1916 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स मर्फी यांनी प्रौढ कोंबडीच्या प्लीहेचे तुकडे अंड्यातल्या भ्रूणाच्या आवरणावर बसवले, तेव्हा भ्रूणाची स्वतःची प्लीहा भलतीच फुगली. मर्फींनी नोंद केली, पण तिचा अर्थ लागायला चार दशके जावी लागली. दरम्यान अणुबॉम्ब पडला आणि किरणोत्साराने मरणाऱ्यांना वाचवायचे कसे, हा प्रश्न संशोधकांपुढे उभा ठाकला. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांना भेटायला आपल्याला इंग्लंडमधील हार्वेलला जावे लागते. तेथे 1950च्या दशकात बार्न्स आणि लाउटिट घातक किरण दिलेल्या उंदरांना परक्या वंशाच्या पेशी टोचत होते. उंदीर किरणांच्या तडाख्यातून वाचत, पण पुढे जुलाब होऊन खंगत आणि मरत. आपल्याच वंशाच्या पेशी मिळालेल्यांना ही पीडा होत नसे. या दुखण्याला ‘दुय्यम रोग’ असे नाव पडले.

कोडे सुटले 1957मध्ये. तोवर शरीर परक्या पेशींना झिडकारते, एवढेच ठाऊक होते. डेन्मार्कचे मॉर्टेन सिमोनसेन यांनी भ्रूणांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की दिलेल्या पाहुण्या पेशीही यजमानावर उलटतात. त्याच वर्षी लंडनमध्ये बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना नवजात उंदरांत हेच आढळले. 1966मध्ये बिलिंगहॅम यांनी तीन अटी सांगितल्या: दिलेल्या पेशी लढण्याजोग्या हव्यात, यजमानाच्या ऊतींत त्यांना परके वाटेल असे काही हवे आणि यजमान प्रतिकार करण्याच्या स्थितीत नसावा.

एव्हाना फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांच्या, जुळणीची वाट खुली केली होती. 1968मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी जुळत्या भावंडाची अस्थिमज्जा देऊन एका बाळाला वाचवले. 1983मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातही मज्जा प्रत्यारोपणाची वाट पाडली. तरी एचएलए जुळूनही हा दुय्यम रोग होई. बहिणीची मज्जा भावाला दिली, तर वाय गुणसूत्रामुळे बनणारी प्रथिनेही तिच्या टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, परकी वाटू शकतात. मग तळव्यांवर पुरळ उठतो, कावीळ होते, आणि वॉर्डात रोजचे जुलाब मिलिलिटरमध्ये मोजून आजाराची तीव्रता ठरवली जाते.

1980च्या दशकात डॉक्टरांनी मज्जेतून टी पेशीच काढून टाकल्या. रोग घटला, पण मज्जा रुजेना आणि ज्यासाठी प्रत्यारोपण केले, तो रक्ताचा कर्करोगच उलटू लागला. बार्न्स आणि लाउटिट यांनी 1956मध्येच सुचवले होते, की परक्या पेशी कर्करोगाचाही फडशा पाडत असाव्यात. 1990मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. 1990च्या दशकात जेम्स फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटनांची साखळी जुळवली. प्रत्यारोपणाआधीच्या औषधांनी व किरणांनी आतड्याचे अस्तर फाटते, जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, रुग्णाच्या प्रतिजन दाखवणाऱ्या पेशी सावध होऊन दात्याच्या टी पेशींना चेतवतात आणि सायटोकाइन या दाह भडकवणाऱ्या संदेशरेणूंचे वादळ उठते. कोविडकाळात घरोघरी पोहोचलेली ही कल्पना 1993मध्ये याच रोगाच्या संदर्भात मांडली गेली होती.

आज प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देतात. त्याचा घाव झपाट्याने वाढणाऱ्या, चवताळलेल्या टी पेशींवर बसतो. मूळपेशी आणि आवर घालणाऱ्या नियामक पेशी बऱ्याच अंशी तगतात. त्यामुळे जुळते भावंड नसलेल्या रुग्णाला आज अर्धीच जुळणारी आई, वडील किंवा मुलगाही मज्जा देऊ शकतो.