मोटारगाडीच्या रंगलेपाची यांत्रिक झिलई

मोटारगाडीच्या रंगलेपाचा अत्यंत पातळ भाग फिरती गादी व अपघर्षक (घासून पदार्थ काढून टाकणारे सूक्ष्म कणयुक्त द्रव्य) यांच्या साहाय्याने काढून पृष्ठ सपाट व चकचकीत करण्याच्या क्रियेस यांत्रिक झिलई म्हणतात. व्यवहारात तिला ‘पॉलिश’ किंवा ‘रबिंग’ असे म्हणतात. मेण लावणे ही हिच्याहून भिन्न क्रिया होय. मेणाने पृष्ठावर थर चढतो, तर झिलईने थर उतरतो. त्यामुळे प्रत्येक झिलई ही रंगलेपाच्या मर्यादित जाडीतून केलेला खर्च ठरते. घासावयाचा थर किती जाड आहे आणि तो झिजताना कारागिराला दिसतो की नाही, या दोन गोष्टींवर या कौशल्याचा इतिहास घडला आहे.

तत्त्व : गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाशाचे परावर्तन एकाच दिशेने होते, म्हणून ते चमकते. सूक्ष्म ओरखड्यांच्या कडांवरून प्रकाश इतस्ततः विखुरला जातो व पृष्ठ धूसर दिसते. उन्हात गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. प्रत्यक्षात ओरखडे सर्व दिशांनी गेलेले असतात. परंतु प्रकाशाच्या दिशेला आडवे असणारेच उजळून दिसत असल्याने वर्तुळांचा भास होतो. झिलईने ओरखडा भरत नाही. त्याच्या तळापर्यंत भोवतालचे पृष्ठ खाली आणले जाते किंवा त्याच्या तीक्ष्ण कडा बोथट केल्या जातात.

झिलई होताना नेमके काय घडते, याबद्दल शास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. धातूंच्या बाबतीत पृष्ठावरील पदार्थ वाहून सपाट होतो, असे मत जॉर्ज बेल्बी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. बोडेन व ह्यूझ यांनी १९३७ मध्ये घर्षणजन्य उष्णता आणि वितळबिंदू यांचे महत्त्व दाखविले. पुढे लेनर्ड सॅम्युएल्स यांच्या धातुलेखनविषयक संशोधनाने सूक्ष्म कर्तनाचा पक्ष बळकट झाला. रंगलेपाच्या झिलईतही कर्तन हीच मुख्य क्रिया असते. मात्र उष्णतेचा परिणाम लेपाच्या रासायनिक घडणीप्रमाणे बदलतो.

व्हार्निशचा काळ : आरंभीच्या मोटारगाड्यांना घोडागाडीच्या कारागिरांची रंगपद्धती लाभली. तैलरंग व व्हार्निश यांचे अनेक थर कुंचल्याने देत. प्रत्येक थर वाळल्यावर तो प्यूमिस दगडाची पूड, पाणी व नमदा यांनी हाताने घासत. या कामास कित्येक आठवडे लागत. जुळणी-साखळीमुळे गाडी काही तासांत उभी राहू लागली, तेव्हा रंगकाम हाच उत्पादनातील अडसर ठरला. फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी’ गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात विकली. तिच्यासाठी वापरलेले काळे एनॅमल भट्टीत लवकर वाळविता येत असे.

लॅकर व यंत्र : नायट्रोसेल्युलोजाचे जुने द्राव इतके दाट असत, की फवारण्यासाठी त्यांत विद्रावक (विरघळविणारा द्रव) पुष्कळ घालावा लागे व उरणारा थर फार पातळ होई. ड्यू पाँट कंपनीने कमी दाट द्राव तयार करून ही अडचण दूर केली. या कंपनीचे ‘ड्यूको’ लॅकर जनरल मोटर्सने १९२३ मध्ये स्वीकारले. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर ते निळ्या रंगात देण्यात आले. त्यामुळे आठवड्यांचे काम अल्पावधीत होऊ लागले आणि रंगांची निवडही वाढली.

परंतु फवारलेल्या लॅकरमधील विद्रावक झपाट्याने उडून जाई. थेंब एकमेकांत पसरून समतल होण्यापूर्वीच थर वाळे व मंद दिसे. त्याची चकाकी घासूनच बाहेर काढावी लागे. म्हणजे झिलई ही नंतरची शोभा न राहता रंगकामाचाच अंतिम टप्पा बनली. हातात धरण्याजोगे विद्युत् छिद्रणयंत्र जर्मनीत फाइन कंपनीने १८९५ मध्येच तयार केले होते. अशा हस्तयंत्रांच्या विकासातून तबकडीवर लोकरीची गादी बसविलेले झिलईयंत्र दुरुस्तीशाळांत रुळले.

लॅकरचा थर जाड व रंगयुक्त असे. घासताना गादीवर रंग उतरे आणि किती झीज होत आहे, हे कारागिराला डोळ्यांनी कळे. चूक झाल्यास आणखी लॅकर फवारता येई. नवा थर जुन्याला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होई. म्हणून या काळातील शिक्षण उस्तादाच्या हाताखाली, पाहून व करून होई. जोरकस घासण्याचे धैर्य हे त्यातील पहिले कौशल्य मानले जाई. जनरल मोटर्सने लॅकरची परंपरा दीर्घकाळ चालविली व १९५० नंतरच्या दशकात अक्रिलिक लॅकर स्वीकारले. अन्य अनेक उत्पादकांनी भट्टीत कठीण होणारी एनॅमले पसंत केली.

पारदर्शक थर : धातुछटेच्या रंगांत ॲल्युमिनियमाचे सूक्ष्म पत्रे असतात. ते उघडे पडल्यास काळवंडतात व घासल्यास पृष्ठावर डाग पडतात. यावर उपाय म्हणून खाली रंगाचा थर व वर रंगहीन पारदर्शक थर देण्याची पद्धत यूरोपात व नंतर अमेरिकेत आली आणि १९८० नंतर सर्वत्र पसरली. हा वरचा थर साधारणतः ३५ ते ५० मायक्रोमीटर (मिमी.चा हजारावा भाग) जाडीचा असतो. त्यातील बहुवारिकांचे रेणू परस्परांशी जोडलेले असल्याने तो विद्रावकाने विरघळत नाही. थरातील द्रव्ये जंबुपार किरण शोषून खालच्या रंगाचे रक्षण करतात. थर अति पातळ झाल्यास हे संरक्षण घटते आणि काही काळाने तो फिकट पडून सोलवटतो.

अशा थरामुळे जुने ज्ञान एकाएकी अपुरे पडले. झिजणारा पदार्थ रंगहीन असल्याने गादीवर धोक्याची खूण दिसत नाही. रंग दिसू लागतो, तेव्हा पारदर्शक थर संपलेला असतो. मग पुन्हा रंगकाम करण्यावाचून उपाय उरत नाही.

यंत्र व शिक्षण : केवळ स्वतःच्या अक्षाभोवती फिरणाऱ्या यंत्राची गादी एकाच जागी थांबल्यास उष्णता साचते आणि थर भाजतो. लोकरीच्या गादीने व चुकीच्या कोनामुळे लाटांसारख्या खुणाही उमटतात. यावर विकेंद्री यंत्राचा उपाय झाला. त्याची गादी फिरता फिरता लहान वर्तुळात सरकते, त्यामुळे एकच कण त्याच रेषेवर वारंवार घासत नाही. दाब वाढल्यास अनेक यंत्रांत गादीचे फिरणे थांबते. म्हणून नवशिक्याच्या हाती ते कमी धोक्याचे असते. लोकरीच्या जोडीला स्पंजाच्या कमीअधिक कठीण गाद्याही आल्या.

शिक्षणाचा क्रम आज पुढीलप्रमाणे असतो. प्रथम टाकाऊ पत्र्यावर हात बसवितात. गाडी धुऊन तिच्यावरील धूळ व चिकटलेले कण काढतात. पोलादी पत्र्यावर चुंबकीय व ॲल्युमिनियमावर भोवरी प्रवाहाच्या तत्त्वावर चालणाऱ्या मापकाने लेपाची जाडी मोजतात. मात्र हे मापक सर्व थरांची एकत्रित जाडी दाखविते, केवळ पारदर्शक थराची नव्हे. कडा व उंचवटे येथे लेप पातळ असून दाब एकवटतो, म्हणून तेथे चिकटपट्टी लावतात. नंतर लहान भागावर सर्वांत सौम्य गादी व द्रव्य वापरून पाहतात आणि आवश्यक तेवढीच तीव्रता वाढवितात. शेवटी तेलकट अंश पुसून तिरप्या प्रकाशात परीक्षण करतात. कारण काही द्रव्यांतील तेले ओरखडे तात्पुरते झाकतात. सिलिकोनयुक्त द्रव्य राहिल्यास पुढील रंगकामात लेपाला खळगे पडतात.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईच्या मोटार उद्योगास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) या कंपनीने चालना दिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातील फियाट व पद्मिनी गाड्या दीर्घकाळ वापरात राहिल्या आणि त्यांची निगा प्रामुख्याने दुरुस्तीशाळांनी घेतली. ‘डेंटिंग-पेंटिंग’ करणाऱ्या कारागिरांच्या बोलीत ‘एन. सी.’ (नायट्रोसेल्युलोज), ‘पाण्याचा पेपर’ व ‘रबिंग’ हे शब्द रूढ झाले, ते या लॅकरच्या परंपरेतूनच. १९९० नंतर पारदर्शक थराच्या गाड्या वाढल्या, तेव्हा या कारागिरांना रंग उतरताना पाहून थांबण्याची सवय सोडून त्याआधीच थांबण्याची नवी सवय लावून घ्यावी लागली.

नखाला लागणारा ओरखडा बहुधा झिलईने सुरक्षितपणे जात नाही. त्याच्या कडा सौम्य करून तो राहू देणे अधिक हितावह असते. वारंवार यांत्रिक झिलई करण्यापेक्षा स्वच्छ पाणी व मऊ कापड वापरून नवे ओरखडे टाळणे, हा लेपाच्या रक्षणाचा अधिक टिकाऊ मार्ग आहे.