तिवराचा वारसा

कोकणच्या खाड्यांतील तिवराची झाडे दीर्घकाळ सरपणासाठी तुटली, भरावाखाली गाडली गेली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालात तिचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला.

२०२१ मध्ये भुवनेश्वरच्या जीवविज्ञान संस्थेने तमिळनाडूतील सहकाऱ्यांसह याच तिवराचा जीनोम ३१ गुणसूत्रांत मांडला. क्षार सोसण्याशी संबंधित ३,२४६ जनुके त्यात ओळखली गेली. पानांवाटे मीठ बाहेर टाकणारे हे झाड खारवट जमिनीतल्या पिकांना वाट दाखवू शकते.

मात्र संदर्भ-जीनोम हा जातीचा आराखडा असतो. तिचे जनुकीय वैविध्य खाडीखाडीतल्या झाडांत विखुरलेले असते. खाडी बुजली, की त्यातला एखादा भेद वाचला जाण्याआधीच पुसला जातो.