छापे: जुगाराच्या अड्ड्यापासून ईडीपर्यंत

भारतातील सरकारी छाप्यांची आजची पद्धत इंग्रजी अमदानीत घडली. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडतीचे नियम घालून दिले: वस्तीतील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीला बोलवायचे, जप्त वस्तूंची यादी त्यांच्यासमोर करून तिच्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, घरमालकाला हजर राहू द्यायचे आणि यादीची नक्कल त्याला द्यायची. पंच, पंचनामा आणि मुद्देमाल ही छाप्याची त्रयी या नियमांवर उभी आहे. 1973 च्या संहितेनेही ती जवळपास तशीच ठेवली.

मुंबई इलाख्यात पोलिसी छाप्यांचे जुने लक्ष्य म्हणजे जुगाराचे अड्डे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने विशेष वॉरंटवर अशा जागेत शिरण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तिथे जुगाराचे साहित्य सापडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा जुगाराचा अड्डाच मानली जाई. त्यामुळे पत्ते, फासे आणि रोकड जागेवरच ताब्यात घेण्याला महत्त्व आले. 1960 नंतर मुंबईत मटका फोफावला, तेव्हा आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्याही मुद्देमालात जमा होऊ लागल्या.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने छाप्यांना मोठे क्षेत्र मिळवून दिले. खाडीकाठी, झाडीत आणि झोपडपट्ट्यांत हातभट्ट्या लागल्या आणि त्यांच्यामागे पोलीस व उत्पादन शुल्क खात्याची पथके लागली. काळा गूळ आणि नवसागर घालून आंबवलेल्या रसायनाचा नमुना बाटलीत सीलबंद करायचा आणि उरलेले जागीच नष्ट करायचे, अशी या कारवाईची रीत पडली. पुढे परवाने देऊन दारूबंदी सैल झाली, तरी हे छापे थांबले नाहीत.

सोन्यावरच्या निर्बंधांनी आणखी एक प्रकार आणला. 1962 चा सीमाशुल्क कायदा आणि 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांच्या आधारे तस्करांचे साठे तपासले जात, तसे सराफांचे हिशेबही. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाल्यावर पेढ्यांमागचा तो ससेमिरा संपला.

प्राप्तिकराचे छापे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळ्या पैशातून आले. युद्धकाळातील करचुकवेगिरी शोधण्यासाठी 1947 मध्ये चौकशी आयोग नेमण्यात आला. मात्र त्याचे महत्त्वाचे अधिकार सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर रद्द केले. 1956 मध्ये प्राप्तिकर खात्यालाच झडतीचा अधिकार मिळाला आणि 1961 च्या कायद्यातील कलम 132 ने तो पक्का केला. झडतीमागे ठोस माहिती आणि तिच्यावर आधारलेली कारणे असावी लागतात. ‘सर्वेक्षण’ ही त्याहून सौम्य कारवाई आहे. ती व्यवसायाच्या जागी, कामकाजाच्या वेळेतच सुरू करता येते. बातमीत मात्र दोन्हींना छापाच म्हटले जाते. घरच्या दागिन्यांबाबत 1994 च्या एका परिपत्रकाने दिलासा दिला. विवाहित स्त्रीमागे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीमागे 250 ग्रॅम आणि पुरुषामागे 100 ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने जप्त करू नयेत, असे त्यात सांगितले आहे.

अंमलबजावणी संचालनालय, म्हणजेच ईडी, 1956 मध्ये परकीय चलनाच्या गैरव्यवहारांसाठी स्थापन झालेल्या एका लहान शाखेतून वाढले. 2002 चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2005 मध्ये लागू झाला आणि ईडीचे कार्यक्षेत्र पसरले. आधी मूळ गुन्ह्याचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे गेल्याशिवाय झडती घेता येत नसे. 2019 च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा मात्र वेगळा. छाप्यात लपवलेले शोधायचे असते, तर सापळ्यात गुन्हा डोळ्यांसमोर घडू द्यायचा असतो. नोटांना लावलेली पावडर लाच घेणाऱ्याच्या हातावर पुरावा ठेवते.

न्यायालयांनी झडतीचा अधिकार बहुतांशी उचलून धरला. 1954 च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीविरुद्ध खासगीपणाचा मूलभूत हक्क सांगता येत नाही, असे म्हटले. 1974 च्या पूरणमल खटल्यात झडती बेकायदा ठरली तरी तिच्यात मिळालेला पुरावा वापरता येतो, असा निर्णय झाला. शर्मा खटल्यातील खासगीपणाविषयीचे मत मात्र 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी बदलले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांना झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. कागदी पंचनाम्याला आता चित्रफितीची जोड मिळाली आहे.