१२० दिवसांचा हिशेब : गर्भपात, इस्लामी शास्त्र आणि आपला बुलढाणा जिल्हा

पोस्ट थोडी मोठी आहे, विषयही नाजूक आहे. पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गर्भपाताचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "इस्लाममध्ये हे सरसकट हराम आहे." दुसरं, "त्यांच्यात तर काहीच चालत नाही." पहिलं घरातले बोलतात, दुसरं बाहेरचे. इतिहास उघडून पाहिला तर दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. आणि या इतिहासाचा एक मोठा धागा आपल्या अगदी जवळून जातो.

रोहिणखेडची जुनी मशीद आपल्याला माहीत आहे. खुदावंदखान महदवीने ती १५८२ साली बांधली. पुढे १५९१ साली निजामशाहीतला महदवी सरदार जमालखान याच रोहिणखेडच्या लढाईत पडला. एवढ्या लढाया इथंच का झाल्या? कारण बुऱ्हाणपूरहून दख्खनमध्ये जायचं तर मलकापूरवरून येऊन इथला घाट चढावा लागे. फौजा या वाटेने गेल्या, व्यापारी गेले आणि विद्वानही गेले.

त्याच बुऱ्हाणपूरचे शेख निजाम. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हनफी पंथाचे निवाडे एकत्र करण्यासाठी विद्वानांचं मंडळ नेमलं गेलं. त्याचे प्रमुख हे शेख निजाम. त्यातून तयार झालेला अरबी ग्रंथ म्हणजे 'फतावा-ए-आलमगिरी'. अरब देशांत त्याला 'फतावा-ए-हिंदिया' म्हणतात. औरंगजेबाचं नाव आलं की आपल्याकडे लगेच वाद पेटतो. तो वाद दुसऱ्या दिवशी घालू. आज फक्त या ग्रंथातला एक प्रश्न बघा.

एका बाईचं लेकरू अंगावर पितं आहे. तेवढ्यात तिला पुन्हा दिवस गेले आणि दूध आटलं. लेकरू दगावेल अशी भीती आहे. नवऱ्याची ऐपत दाई ठेवण्याची नाही. अशा बाईने गर्भ पाडण्यासाठी औषध घेतलं तर चालेल का? ग्रंथाचं उत्तर असं की गर्भाला अवयव आलेले नसतील, म्हणजे १२० दिवसांच्या आत असेल, तर चालेल.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात एका गरीब बाईची अडचण एवढ्या बारकाईने मांडली आहे. दूध, पैसा, आधीचं लेकरू, सगळं त्यात आलं.

आता हे १२० दिवस आले कुठून? कुरआनच्या सूरह मोमिनूनमध्ये गर्भाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : थेंब, मग रक्ताची गाठ, मग मांसाचा गोळा, मग हाडं, मग त्यावर मांस आणि शेवटी एक वेगळीच निर्मिती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसवरून उलेमांनी पहिल्या तीन पायऱ्यांना चाळीस-चाळीस दिवस धरले. त्यानंतर गर्भात रूह फुंकली जाते, असं मानलं गेलं. चाळीस त्रिक एकशेवीस. मुस्लिम संग्रहात दुसरी एक हदीस आहे, तीत बेचाळीस रात्रींचा उल्लेख येतो. म्हणून काही विद्वानांनी मर्यादा चाळीस दिवसांवरच आणली.

म्हणजे मतभेद पहिल्यापासून होते. मालिकी पंथ सगळ्यात कडक, त्यांच्यातल्या बहुतेकांनी सुरुवातीपासूनच मनाई केली. इमाम गझाली (मृत्यू ११११) शाफई पंथाचे. ते म्हणाले, गर्भ राहू न देणं वेगळं आणि राहिलेला पाडणं वेगळं. पाडणं हा अपराधच आणि गर्भ जसजसा वाढेल तसतसा तो अपराधही वाढत जातो. हनफींमध्येही एकमत नव्हतं. दमास्कसचे हस्कफी (मृत्यू १६७७) यांनी नोंदवलं की चार महिन्यांच्या आत नवऱ्याच्या परवानगीशिवायही चालतं, असं आधीचे विद्वान सांगत आले. पण त्यांच्या पाचशे वर्षं आधी काझीखान यांनी बजावलं होतं की सरसकट मोकळीक म्हणू नका. हजच्या इहराममधल्या माणसाने रानपक्ष्याचं अंडं फोडलं तरी त्याला भरपाई द्यावी लागते. मग कारण नसताना गर्भ पाडला तर निदान गुनाह तरी लागेलच.

मला या वादातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकीकडे बाईची अडचण, दुसरीकडे वाढणारा जीव. दोन्हीपैकी एकालाही या जुन्या लोकांनी हलकं मानलं नाही.

१२० दिवसांनंतर मात्र सगळे पंथ मनाईवर एक होतात. आईचा जीव धोक्यात असेल तर? जुन्या काही फकीहांनी तिथेही हात आखडता घेतला होता. विसाव्या शतकात अल-अझहरचे प्रमुख महमूद शल्तूत यांच्यासारख्यांनी सांगितलं की आई हे मूळ आहे, मूळ वाचवायलाच हवं. १९९० मध्ये मक्केच्या फिकह परिषदेने, गर्भात गंभीर आणि उपचार न होणारं व्यंग असल्याचं विश्वासू डॉक्टरांनी सांगितलं तर १२० दिवसांच्या आत परवानगी दिली.

आता देशाचा कायदा. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत गर्भपात गुन्हा ठरवला. फक्त आईचा जीव वाचवण्यापुरती सूट. त्या काळात कोंडी सगळ्याच समाजांतल्या बायांची होती. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, बदनामीच्या भीतीने नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती शिक्षा नंतर कमी झाली. पण त्या प्रकरणात सगळा दोष बाईच्याच माथी मारला गेला, म्हणून संतापून 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्याच.

स्वातंत्र्यानंतर शांतिलाल शाह समिती बसली आणि १९७१ चा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही स्त्रियांना २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना सारखाच लागू आहे.

एक गंमत बघा. १२० दिवस म्हणजे साधारण १७ आठवडे. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीपासून, म्हणजे दोन आठवडे आधीपासून. तो हिशेब १९ आठवड्यांवर येतो. जुन्या हनफी फकीहांची रेघ आणि आजच्या कायद्यातली २० आठवड्यांची रेघ जवळजवळ शेजारी-शेजारी आहे. दोघांची कारणं वेगळी, पण "उशीर करू नका" हे दोन्हीकडून कळतं.

आणि ज्यात कसलीच पळवाट नाही, तेही सांगतो. मुलगी आहे म्हणून पाडणं. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं, असं कुरआनच्या सूरह तकवीरमध्ये येतं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत लहान मुलींचं प्रमाण कमी असलेल्या जिल्ह्यांत आपला बुलढाणा होता. हा प्रश्न कुठल्या एका मोहल्ल्याचा किंवा आळीचा नाही.

मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. आजचे बरेच हनफी मुफ्तीही १२० दिवसांच्या आत सबळ कारण असेल तरच परवानगी सांगतात. ज्याला दीनचा प्रश्न आहे त्याने जाणत्या आलिमला विचारावं. पण विचारायच्या भीतीने चार महिने घालवू नका. लाजेपोटी मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणू नका, बोगस डॉक्टरकडे तर मुळीच जाऊ नका. ज्या शास्त्राने दूध आटलेल्या बाईचा विचार केला, त्याचं नाव घेऊन एखाद्या बाईला मरणाच्या दारात ढकलणं, हे त्या शास्त्रात कुठंच लिहिलेलं नाही.

पटलं तर घरातल्या बायांनाही वाचून दाखवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये लिहा, पण पुराव्यानिशी लिहा.