केशरी नेमका किती केशरी?

"घरी बनवलेल्या वस्तूंचे फोटो काढायचेत, कुठला कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. विचारणारे बहुतेक नांदेड-लातूरकडचे. कुणाची बायको गोधड्या शिवते, कुणाची आत्या बंजारा भरतकामाच्या पिशव्या करते, कुणी उदगीरला बसून खादीचे कुर्ते विकायला बघतंय. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं मला कळतं असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. असो. उत्तर तसं दोन ओळींचं आहे, पण त्या दोन ओळींमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो उत्तरापेक्षा जास्त मजेशीर आहे. शनिवार आहे, चहा घ्या, वाचा.

वस्तूंचे फोटो ही कल्पना फोटोग्राफीइतकीच जुनी. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४४ ते १८४६ दरम्यान 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढलं. त्यात एक फोटो आहे चिनी मातीच्या भांड्यांचा, फळीवर ओळीने मांडलेल्या. त्याचं म्हणणं असं की या सगळ्या भांड्यांची यादी लिहीत बसण्यापेक्षा फोटो काढणं सोपं, आणि उद्या चोरी झालीच तर हाच पुरावा कोर्टात कामाला येईल. म्हणजे घरच्या वस्तूंचा घरीच काढलेला फोटो, आणि तोही थेट व्यवहाराच्या कामासाठी! आपल्या ऑनलाइन कॅटलॉगचा खापरपणजोबाच म्हणा ना.

पुढे १८५१ साली लंडनला ते प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं. हिंदुस्थानातून गेलेल्या वस्तूंत बिदरी काम होतं. बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचंच गाव. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण १९५६ पर्यंत दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होती. या प्रदर्शनाचा परीक्षकांचा अहवाल १८५२ मध्ये निघाला, त्यात खरे फोटो चिकटवलेले होते. छापील चित्रं नव्हेत, फोटो! आता बिदरी सुरई ही फोटो काढायला महाकठीण वस्तू. अंग काळंकुट्ट आणि चमक नसलेलं, त्यावर चांदीची लखलखीत नक्षी. काळ्याला उजेड द्यावा तर चांदी पांढरीफटक, चांदी सांभाळावी तर काळ्यातलं काही दिसत नाही. पावणेदोनशे वर्षांत कॅमेरे कुठल्या कुठे गेले, पण ही अडचण जशीच्या तशी आहे.

मुंबईही मागे नव्हती. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पाठोपाठ एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर होते हे फारसं कुणाला माहीत नसतं.

आणि मराठवाडा? तो निजामाच्या राज्यात. सहाव्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ, स्टुडिओ सिकंदराबादला. महाल, शिकारी, मेजवान्या, साहेबलोकांचे दौरे... सगळं त्यांच्या काचांवर आलं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांचे फोटोही त्यांच्या स्टुडिओने काढले. त्यातून दिसणारा मराठवाडा म्हणजे रांगेत उभी असलेली माणसं. माग चालवणाऱ्याने स्वतःचं लुगडं किंवा शेला विकण्यासाठी त्याचा फोटो काढावा, असं त्या काळात कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. कॅमेरा सरकारचा, दरबाराचा किंवा साहेबाचा.

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे जॉन फोर्ब्स वॉटसन. लंडनच्या इंडिया म्युझियममधला हा गृहस्थ. १८६६ मध्ये त्याने हिंदुस्थानी कापडाचा १८ खंडांचा संग्रह काढला. त्यात फोटो नाहीत, खऱ्या कापडाचे ७०० तुकडे कापून चिकटवलेले. असे २० संच केले. १३ ब्रिटनमध्ये ठेवले आणि ७ हिंदुस्थानात. हेतू उघड होता. इथले लोक काय नेसतात, काय गुंडाळतात हे तिथल्या गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी तसला माल बनवून इकडे विकावा. आजच्या भाषेत बोलायचं तर आपला प्रॉडक्ट कॅटलॉग आपल्या स्पर्धकाने बनवला, आणि आपल्याच मालाचे तुकडे कापून :-)

पण वॉटसनने फोटो का नाही काढले? त्याला फोटो माहीत नव्हते असं नाही. १८६८ पासून निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या फोटोंच्या आठ खंडांचा तो सहसंपादक होता. म्हणजे माणसांसाठी फोटो आणि कापडासाठी तुकडे! कारण तेव्हाचा फोटो कापडाबद्दल दोन गोष्टी सांगू शकत नव्हता, पोत आणि रंग. पोत हाताला कळतो, ते सोडा. रंगाचं काय?

इथे थोडं तंत्र. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या काचांना फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश दिसायचा. लाल आणि केशरी त्यांच्या लेखी काळाच. निळं आभाळ पांढरं यायचं आणि भगवी पताका काळपट. १८७३ मध्ये जर्मनीच्या हेरमान फोगेलने काचेत रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवला, आणि सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडलं. म्हणजे पहिली साठएक वर्षं कॅमेरा आपल्या मराठवाड्याच्या सगळ्यात लाडक्या रंगाच्या बाबतीत ठार आंधळा होता!

आता येऊ नांदेड आणि उदगीरला. पंधरा ऑगस्टला फडकणाऱ्या खादीच्या तिरंग्यांमागे या दोन गावांचा मोठा हात आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीरच्या केंद्रात झेंड्याचं कापड विणलं जातं आणि नांदेडला झेंडे तयार होतात. या भागातल्या खादीच्या कामाची नाळ स्वामी रामानंद तीर्थांशी जुळलेली आहे. ज्या संस्थानात १९४७ मध्ये तिरंगा लावला म्हणून माणसं तुरुंगात जात होती, तिथेच आज तो विणला जातो. बाकी काही सांगायची गरज आहे?

तर मुद्दा असा की झेंडा ही हाताने बनलेली अशी वस्तू आहे जिचा रंग आकड्यांत ठरलेला आहे. भारतीय मानक आयएस १ मध्ये केशरी रंगाचे निर्देशांक दिले आहेत. एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि उजळपणा २१.५. माझ्यातला इंजिनियर गप्प बसेना, म्हणून मी हे आकडे कॉम्प्युटरच्या लाल-हिरवा-निळा हिशोबात बदलून पाहिले. साधारण २१५, ८७, ५५ येतात. पण हे आकडे स्क्रीनसाठी वाकवलेले असतात. प्रत्यक्ष प्रकाशाचा हिशोब केला तर लाल हा हिरव्याच्या सुमारे सातपट आणि निळ्याच्या जवळपास अठरापट!

याचा अर्थ काय? फोटो जरा जास्त उजळ झाला की सेन्सरचा लाल भाग आधी काठोकाठ भरतो. मग लाल वाढत नाही, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि केशरी हळूहळू पिवळ्याकडे सरकतो. वर घरातला बल्ब पिवळा, खिडकीतला उजेड निळसर, आणि स्वस्त एलईडीत गडद लाल प्रकाश कमी. तिघे मिळून कुंकवाचा रंग विटेसारखा करून दाखवतात. ग्राहक म्हणतो, "फोटोत वेगळा होता," आणि पार्सल परत. यात फसवणूक कुणीच केलेली नसते, पण भुर्दंड मात्र बनवणाऱ्याला.

डिजिटल कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सेन्सरवर रंगीत चौकटींची जाळी बसवण्याचं पेटंट घेतलं. निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. आजही बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल हेच वापरतात. बारीक, एकसारख्या विणीचं कापड या जाळीसमोर आलं की दोन जाळ्यांची टक्कर होते आणि कापडावर नसलेले इंद्रधनुषी पट्टे फोटोत उमटतात. गिरणीच्या कापडावर हे जास्त होतं. हातसुतात धागा कुठे जाड, कुठे बारीक, म्हणून पट्टे जुळायला वाव कमी. म्हणजे ज्याला गिरणीवाले 'दोष' म्हणायचे तोच इथे कामाला येतो. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि हाच 'दोष' फोटोत दिसायलाही हवा. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावर बनलेल्या, पॉलिएस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. आता मोबाइलच्या स्क्रीनवर बोटभर चौकोनात दोन तिरंगे शेजारी शेजारी दिसतात. एक हाताने कातलेला आणि विणलेला, दुसरा यंत्रातून पडलेला. त्या चौकोनात दोघांत फरक एकच, किंमत! मग कोण महागडा घेईल? जे झेंड्याचं तेच गोधडीचं आणि तेच तांड्यावरच्या भरतकामाचं. हाताचं काम फोटोत दिसलं नाही तर त्याचे पैसे मागायचे कशाच्या जोरावर?

तर आता ते दोन ओळींचं उत्तर, थोडं ऐसपैस करून.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके, विक्रीच्या पानाला त्याच्या निम्मे पुरतात. (१९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १०० बाय १०० ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. आपण श्रीमंत आहोत.) हातात बरा मोबाइल असेल तर आधी तोच वापरा. फक्त मुख्य लेन्सने अगदी जवळून काढू नका, कडा फाकतात. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम वापरा. उजळपणा एक पायरी कमी ठेवा, केशरी वाचेल. कॅमेराच घ्यायचा असेल तर जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची साधी लेन्स पुरे. मात्र तीन गोष्टी तपासूनच घ्या. रंगाचा समतोल हाताने ठरवता येतो का, रॉ फाइल मिळते का, आणि धागा दिसेल इतक्या जवळून फोकस होतो का.

उरलेले पैसे ट्रायपॉडवर घाला. फोटो उत्तरेच्या खिडकीशी किंवा ओसरीवर सावलीत काढा आणि त्या वेळी घरातले दिवे बंद ठेवा. आरशांच्या भरतकामासमोर पांढरी चादर धरा, म्हणजे आरशात तुमचं तोंड न दिसता चादर दिसेल. प्रत्येक वस्तूचे किमान दोन फोटो काढा, एक पूर्ण वस्तूचा आणि एक नुसत्या धाग्याचा. पहिल्या फोटोत कोपऱ्यात न रंगवलेल्या पांढऱ्या खादीचा तुकडा ठेवा. त्यावरून रंग जुळवा, मग तो कापून टाका.

वॉटसनने तुकडे कापले ते आपला माल दुसऱ्याला कळावा म्हणून. आपला तुकडा आपणच कापतोय, कॅमेराही आपल्याच हातात आहे. एवढा फरक पडायला दीडशे वर्षं लागली. तेव्हा कॅमेरा कुठला घ्यायचा यावर महिनाभर डोकं खाजवू नका. या रविवारी सकाळी नऊच्या उजेडात पहिला फोटो काढा.